मुरुमांवर लिंबू-सोडा: झोंबणे म्हणजे गुण येणे नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशात मुरुमांवरचा ‘खात्रीचा घरगुती उपाय’ असा सांगितलेला असतो: मुरुमे मळामुळे येतात, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुवावे, रात्री लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून लावावा, झोंबले तर गुण येतो आहे असे समजावे, त्वचा कोरडी पडली तरी मॉइश्चरायझर लावू नये, आणि एवढ्याने भागले नाही तर मेडिकलमधून डाग घालवणारे क्रीम आणावे. ज्यांची त्वचा मुळातच कोरडी आहे आणि हनुवटीवर चार पुटकुळ्या उठल्या आहेत, अशांना हा उपाय फार महागात पडतो.

मुरुमांचे मूळ मळात नसते. केसाच्या मुळाभोवतालच्या नळीत मृत पेशी आणि तैलग्रंथींचा स्राव साचून तिचे तोंड बंद होते व आत जिवाणू वाढून सूज येते. ब्लॅकहेडचे काळे टोकही मळाचे नसते, त्यामुळे ते घासून जात नाही. अंघोळीच्या साबणाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप; 7 च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) साधारणपणे 9 ते 10 असतो, तर निरोगी त्वचेचा 5 च्या आसपास. त्यामुळे वारंवार साबण लावल्याने वरच्या थरातील स्निग्धांश निघून जातो आणि चेहरा ओढल्यासारखा होतो. सौम्य फेसवॉशने दोनदा धुणे पुरेसे आहे.

लिंबू-सोड्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. लिंबाच्या रसाचा सामू 2 च्या जवळ असतो आणि सोडा अल्कधर्मी. एकत्र केल्यावर जे फसफसते तो केवळ कार्बन डायऑक्साइड असतो, आणि मागे उरलेले मिश्रण प्रमाणानुसार आम्ल तरी राहते किंवा अल्कधर्मी तरी. नाकपुड्यांच्या कडेला, जिथे आधीच सालपटे निघत असतात, तिथे ते लावल्यावर होणारी आग ही इजेची खूण आहे. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर अशा दाहानंतर उरणारे काळे डाग मुरुमांपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतात.

मॉइश्चरायझरबद्दलच्या दाव्यात थोडे तथ्य आहे: खोबरेल तेल किंवा जाड, तुपकट क्रीम छिद्रे बुजवू शकते. मात्र ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्वचेतही असणारा स्निग्ध घटक) असलेले हलके मॉइश्चरायझर ओलसर चेहऱ्यावर लावावेच; कारण 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा 0.1 टक्के अ‍ॅडापलीन ही मुरुमांवरची खरी औषधेही सुरुवातीला त्वचा कोरडी करतात, आणि त्यांचा गुण दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात, तोवर ती सोसायला हवीत. गर्भवतींनी अ‍ॅडापलीन टाळावे.

राहता राहिले ते क्रीम. अशा अनेक ट्यूबांमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइडे असतात. काही दिवसांत लाली उतरते, म्हणून ती लोकप्रिय होतात. पण पुढे त्वचा पातळ होते आणि नवी मुरुमे उठतात. अशी ट्यूब महिनोन्‌महिने वापरली असेल, तर ती एकदम बंद केल्यावर चेहरा भडकू शकतो. म्हणून ट्यूब सोबत घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.