बाल न्याय सुधारायचाय? आधी टी-शर्ट छापून घ्या

बाल न्याय व्यवस्था सुधारायचं तुमच्या कॉलेजच्या ग्रुपने मनावर घेतलंय, अभिनंदन! आता एकच पथ्य पाळायचं. या सगळ्या खटाटोपाचा निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्याच्या आरोपातल्या मुलांना चौकशीपुरतं ठेवतात तिथल्या, एकाही मुलाला सुगावा लागता कामा नये. ते जमवायचं कसं, तेवढंच सांगतो.

टी-शर्ट आधी, कायदा मागाहून. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात 112 कलमं आहेत, टी-शर्टवर जेमतेम पाच शब्द मावतात. हिशेब उघड आहे. तसंही बहुतेकांचं या विषयाचं ज्ञान 2024 मध्ये गाजलेल्या, पुण्याच्या पोर्शे अपघातातल्या अल्पवयीन चालकाला जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या त्या निबंधाएवढं, म्हणजे तीनशे शब्दांचंच असतं. तेवढ्यावर वादविवाद स्पर्धा आरामात निघते. विषय ठेवा, 'सोळा वर्षांच्या गुन्हेगाराला फाशी द्यावी का?' फक्त स्पर्धकांपैकी कुणी कायदा वाचून आलेलं नाही, याची खात्री करून घ्या. कारण अठरा वर्षांखालच्या मुलाला फाशी देता येत नाही आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही देता येत नाही, असं याच अधिनियमाचं कलम 21 म्हणतं. हे कुणी पहिल्याच मिनिटाला बोललं की परीक्षकांनी उरलेली दुपार काय करायचं? 'सोळा ते अठरामधल्या सगळ्यांवर मोठ्यांसारखा खटला' हेही बेधडक ठोकून द्या. प्रत्यक्षात त्यासाठी आधी कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज यांची तपासणी, व्हावं लागतं, तेही ज्या गुन्ह्याची किमान शिक्षाच 7 वर्षं किंवा जास्त आहे त्याच गुन्ह्यात. लोक कमाल शिक्षेचा आकडा बघून मोकळे होतात. तुम्हीही व्हा.

मग भेट. वर्षातून एकदाच जा, 14 नोव्हेंबरला. वह्या वाटा, गाणं म्हणा, निघा. दर शनिवारी गणित शिकवायला जाण्याच्या भानगडीत पडू नका. पडलातच, तर तीन महिन्यांचा भरगच्च अभ्यासक्रम आखा. निरीक्षणगृहातली मुलं जामीन मिळाला की निघून जातात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्याला समोर भलतेच चेहरे असतात आणि तुम्ही अपूर्णांकाच्या दुसऱ्या प्रकरणावर. एका बैठकीत सुरू होऊन तिथेच संपणारा धडा टिकतो, पण त्याचं प्रमाणपत्र कोण देणार?

रील तर हवंच. चेहरा ब्लर करा, म्हणजे कायदा पाळला असं मनाला वाटतं. मागच्या भिंतीवरचा नावांचा फळा मात्र स्वच्छ दिसू द्या, आणि शर्टाच्या खिशावरचं शाळेचं बोधचिन्हही. कलम 74 नाव, पत्ता, शाळा आणि ओळख पटेल असा कुठलाही तपशील उघड करायला मनाई करतं. 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अधीक्षकांनी कॅमेरा आत नेऊ दिला नाही, तर 'व्यवस्था काय लपवतेय?' असं कॅप्शन तयार ठेवा. (मुलांना लपवतेय, आणि तेच तिचं काम आहे. पण कॅप्शनला असलं उत्तर शोभत नाही.)

खरा धोका आहे माहिती अधिकाराच्या अर्जाचा. ग्रुपमध्ये एखादी शांत, वहीत तारखा लिहिणारी मुलगी असतेच. तिच्यावर नजर ठेवा. ती काय विचारेल? गेल्या वर्षभरात बाल न्याय मंडळ, म्हणजे या मुलांची प्रकरणं चालवणारं दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्त्यांचं मंडळ, किती दिवस बसलं. चौकशी 4 महिन्यांत संपायला हवी, फार तर आणखी 2. त्यापुढे किती प्रकरणं लोंबकळली. त्यातली किरकोळ गुन्ह्यांची किती, कारण ती मुदत उलटल्यावर आपोआप संपुष्टात यायला हवीत. मुलाच्या घरची-परिसराची परिस्थिती सांगणारा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत किती वेळा आला. मंडळावरच्या दोन सामाजिक कार्यकर्त्यांच्या जागा भरल्यात का. हा शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण अंतिम आदेशाला दंडाधिकाऱ्यांसह किमान दोघे हजर लागतात. दोन्ही खुर्च्या रिकाम्या असल्या की निकालच निघत नाही, आणि मूल आत बसून राहतं.

असे प्रश्न नुसते आकडे मागतात, कुणा मुलाचं नाव मागत नाहीत. त्यामुळे ते नाकारणं अवघड जातं. म्हणून तिच्या हातून अर्ज काढून घ्या आणि स्वतः लिहा : 'मुलांवर अन्याय का होतो?' माहिती अधिकाराच्या कायद्यात कार्यालयाकडे असलेली कागदपत्रं मिळतात, 'का'ची उत्तरं तयार करून मिळत नाहीत. अर्ज शिस्तीत निकाली निघेल. 'सर्व मुलांची संपूर्ण माहिती द्यावी' हेही चालेल, नकार हमखास.

राहिलं निवेदन. ते थेट पंतप्रधानांना पाठवा. प्रत्यक्षात तपासणी समितीने दर 3 महिन्यांनी निरीक्षणगृहासारख्या प्रत्येक संस्थेला भेट द्यायची असते; पथकात किमान तिघे, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. भेटीनंतर आठवड्याभरात अहवाल जातो जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. म्हणजे मागचे चार अहवाल कुठे आहेत, हे विचारायची जागा जिल्हाधिकारी कार्यालय. तिथे चुकून गेलातच, तर पायऱ्यांवर फोटो काढून परत फिरा. आवक-जावक टेबलाशी जाऊन पोच मात्र घेऊ नका. पोच घेतली की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक पडतो, आणि क्रमांक असला की ती वहीवाली मुलगी पुढच्या महिन्यात तोच घेऊन खिडकीशी उभी राहील.