रिकाम्या इमारतींची छायाचित्रे आणि स्वतःची नजर

ठाण्यात आणि नवी मुंबईत रिकाम्या, मोडकळीला आलेल्या इमारतींची छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्यांतली बहुतेक छायाचित्रे एकाच माणसाने काढल्यासारखी दिसतात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. गंजलेला जिना, फुटक्या तावदानातून आलेली उन्हाची तिरीप, अतिवाइड, म्हणजे फार रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्समुळे आहे त्याच्या दुप्पट लांब भासणारा व्हरांडा, एचडीआरने, म्हणजे कमी-जास्त उजेडाची अनेक छायाचित्रे एकत्र करून, ओढूनताणून उजळलेल्या सावल्या आणि त्या सगळ्यावर एक निळसर-हिरवट प्रीसेट, म्हणजे संगणकावरची तयार रंगछटा. छायाचित्र ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले आहे की अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधले, हे खाली लिहिल्याशिवाय कळत नाही. शैली कशी सापडते, असे मला नवे छायाचित्रकार विचारतात तेव्हा मी त्यांना संगणकासमोरून उठायला सांगते, कारण ती कॅमेरा उचलण्याआधीच ठरू लागते. त्या जागेकडून आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे, यावर ती अवलंबून असते.

आपल्याकडे जमिनीला एवढा भाव आहे की इमारत ओस पडून पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, असे क्वचितच घडते. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्यातला सी-१ हा वर्ग अतिधोकादायक इमारतींचा, म्हणजे ज्या रिकाम्या करून पाडायच्याच आहेत अशांचा. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की नवी मुंबई वसवणाऱ्या, १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वाशीत बांधलेली घरे असोत, रहिवासी बाहेर पडल्यापासून पोकलेन दारात येईपर्यंतचा काळ थोडाच असतो. तेवढ्यापुरती ती वास्तू कोणाचीच नसल्यासारखी दिसते, पण खरे तर तिथून निघालेली माणसे जवळपासच भाड्याने राहत असतात आणि येता-जाता तिच्याकडे पाहत असतात. अशा जागेला भूतबंगल्याचे रूप देणे मला पटत नाही. तिथे भयाण असे काही नसते. काल-परवापर्यंत चाललेला एक संसार असतो.

या बाबतीत मला बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याचा फार आधार वाटतो. बर्न्ड बेखर तरुणपणी एका खाणीच्या इमारतींची रेखाटने करीत होते, पण त्या चितारून होण्याआधीच पाडल्या जाऊ लागल्या, म्हणून त्यांनी कॅमेरा हातात घेतला. १९५९ पासून या दोघांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांची समोरून, सरळ, ढगाळ उजेडात, जवळजवळ एकाच पद्धतीने छायाचित्रे काढली आणि एका जातीच्या वास्तू शेजारी शेजारी मांडल्या. नाट्यमय म्हणावे असे त्यात काही नाही, तरीही त्यांचे छायाचित्र नाव न वाचता ओळखू येते. काय काय करायचे नाही, हे त्यांनी फार कठोरपणे ठरवले होते, आणि ते आयुष्यभर पाळले. ज्या ढगाळ उजेडाची ते वाट पाहत, तो आपल्याला जून ते सप्टेंबर आयता मिळतो. सावल्या मऊ होतात, भिंतीवरची ओल, शेवाळ आणि गिलाव्याचे पोपडे स्वतःच्या खऱ्या रंगात दिसतात. असे असताना आपण सोनेरी उन्हाच्या मागे का धावतो, हे मला कळत नाही.

वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तिथल्या अनेक कारखान्यांच्या जागी आता कार्यालये उभी आहेत. तिथल्याच एका बंद शेडमध्ये मी मालकांच्या परवानगीने काम केले. यंत्रे केव्हाच भंगारात गेली होती आणि पायाचे बोल्ट तेवढे जमिनीतून रांगेने वर आलेले होते. मात्र भिंतीवरच्या विजेच्या पॅनेलवर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती आणि त्याच्या मुठीला झेंडूचे व आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले होते. पाने वाळून आत वळली होती, झेंडूचा रंग मातकट झाला होता, पण दोऱ्याची गाठ घट्ट होती. कोणीतरी खंडेनवमीला यंत्रांची पूजा करून, आपले काम पुढे चालणार असे धरून, ती गाठ मारली असणार. अतिवाइड लेन्सने हे तोरण त्या भल्यामोठ्या शेडमधला एक ठिपका झाले असते. मी ५० मिलिमीटरची, साधारण डोळ्यांना दिसते तसेच दाखवणारी लेन्स लावली, मूठ ओढायला कामगार जिथे उभा राहत असेल तिथे उभी राहिले, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि पॅनेलच्या कडा चौकटीला समांतर ठेवल्या.

माझी पद्धत अशाच निवडींमधून घडत गेली. ट्रायपॉड, आयएसओ १०० (म्हणजे उजेडाला कमी संवेदनशील ठेवलेला कॅमेरा), एफ ८ च्या आसपासचे, म्हणजे लेन्सचे मध्यम आकाराचे छिद्र, लागेल तेवढा वेळ उजेड घेणारा दीर्घ एक्सपोजर. उभ्या रेषा उभ्याच. कोणतीही वस्तू हलवायची नाही, आणि जुनी बाहुली किंवा खुर्ची मांडून दुःख तयार करायचे तर मुळीच नाही. अंधार असेल तिथे तो अंधार राहू द्यायचा. छायाचित्र कमी आकर्षक झाले तरी चालेल, पण तिथे राहिलेल्या माणसाला ते खोटे वाटता कामा नये. वाशीतल्या एका रिकाम्या सदनिकेचे छायाचित्र मी तिथे पूर्वी राहणाऱ्या आजींना दाखवले तेव्हा प्रकाशयोजनेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हा कडप्पा आम्ही मागाहून वाढवून घेतला होता, सूनबाई आल्यावर.” त्यानंतर मी प्रत्येक घरात मूळ बांधकाम कुठे संपते आणि रहिवाशांनी केलेला बदल कुठे सुरू होतो, ती रेषा शोधू लागले: बंद केलेली गॅलरी, पुढे काढलेली ग्रिल, दोन रंगांच्या लाद्या जिथे भेटतात तो उंबरा. सिडकोने एकसारखी बांधलेली घरे आतून किती वेगवेगळी झाली, हे शेजारी शेजारी ठेवलेल्या छायाचित्रांतून दिसते, आणि माझे सध्याचे सगळे काम त्याभोवतीच आहे.

परवानगीविषयी थोडक्यात सांगते. वॉचमनच्या हातात पैसे ठेवून आत शिरू नये. सोसायटीचे किंवा मालकांचे लेखी पत्र घ्यावे. सी-१ इमारतीत पावसाळ्यात पाऊल टाकू नये, तेव्हा बाहेरूनच काम करावे. जुन्या शेडच्या फुटलेल्या पत्र्यांत फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, त्यामुळे बारीक धूळ अडवणाऱ्या मास्कशिवाय जाऊ नये.

आणखी एक आग्रह आहे. छायाचित्राखाली ‘विस्मरण’, ‘शांतता’ असली शीर्षके देण्याऐवजी विभाग, इमारतीचे नाव, मजला, तारीख आणि ती वास्तू कशासाठी वापरात होती, एवढे लिहावे. रहिवाशांना नको असेल तर नाव वगळावे. काढलेल्या छायाचित्रांचा एक संच सोसायटीला द्यावा. वाशी, नेरूळ, नौपाडा या भागांत आपली इमारत येत्या काही महिन्यांत रिकामी होणार असेल आणि समितीची हरकत नसेल, तर मला संदेश पाठवा. शक्यतो सामान हलण्याच्या आधीच्या आठवड्यात बोलवा, म्हणजे कोणत्या खोलीत काय होते, हे तुमच्याकडूनच ऐकून लिहून घेता येईल.