गप्प बसा ॲट द रेट वन

परवाच्या रविवारी साताऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानापुढं जे कोणी रांगेत उभे होते, त्या सगळ्यांना माझ्या लेकीचा नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, पासवर्ड माहीत आहे. रांगेत नसलेल्या, पलीकडं वडापाव खात बसलेल्या रिक्षावाल्यांनाही माहीत आहे. सख्ख्या बापाला तो त्यांच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळला.

झालं असं की, कराडहून लवकर निघून आम्ही वेळेत केंद्रावर पोचलो, आणि गेटवरच्या माणसानं प्रवेशपत्राची प्रिंट उन्हात धरून सांगितलं, "ह्यो फोटो कुणाचाबी असू शकतो. काळा पडलाय. कलर मारून आणा, दीडला गेट बंद." लेकीनं रांगेतली जागा धरली आणि मी धावलो. धावता धावता आठवलं की पासवर्ड तिच्याकडं आहे. परत फिरलो. ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, "बाबा, चिडणार नसाल तर सांगते."

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. बाहेर पाटी : 'नीटची सर्व कामे होतील. मोबाईल ठेवणे ५० रु.' आत काचेचं काउंटर, लॅमिनेशनचं मशीन, दोऱ्याला बांधलेली कात्री आणि अक्षरं पुसलेला कीबोर्ड. मॉनिटर रस्त्याकडं तोंड करून ठेवलेला. गिऱ्हाइकाला आपलं काम होताना दिसावं हा त्यामागचा उदात्त हेतू असणार, पण गिऱ्हाइकाबरोबर ते एसटीतल्या लोकांनाही दिसत होतं. कीबोर्डवर बसलेले गृहस्थ एका बोटानं टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. बोटावर विश्वास नसावा.

"ॲप्लिकेशन नंबर?" मी सांगितला. तो त्यांनी सगळ्या रांगेला ऐकवला.

"पासवर्ड?"

मी काउंटरवर वाकलो आणि हळूच म्हणालो, "गप्प बसा."

त्यांचं बोट हवेतच राहिलं. "काय?"

"गप्प बसा."

"पावणं, मी अजून काय बोललोच न्हाई. पासवर्ड इचारला फकस्त."

"तोच सांगतोय. गप्प बसा."

मागून एक चष्मेवाले म्हणाले, "अहो मिस्टर, घाई सगळ्यांनाच आहे. त्या माणसावर कशाला डाफरताय?" दुसऱ्या कुणीतरी 'शिकल्यासवरल्या लोकांची भाषा बघा' असं काहीतरी पुटपुटलं. आता हळू बोलून भागण्यासारखं नव्हतं. मी सरळ उभा राहिलो आणि वर्गात कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात जाहीर केलं, "पासवर्डच आहे तो! गप्प बसा, ॲट द रेट, वन!"

क्षणभर सगळे खरोखरच गप्प बसले. मग दुकानदारांचा चेहरा उजळला. "आस्सं व्हय! मग स्पेलिंग सांगा की."

"जी, ए, डबल पी..."

"जीऽऽ... एऽऽ... पी... पी... म्होरं?"

"बी, ए, एस, ए."

"एस शिंगल का डबल? डबल क्येला तर 'बस्सा' हुतंय."

"सिंगल."

"इनव्हॅलिड दावतंय."

"जी कॅपिटल आहे हो. आणि बी पण."

"मग आधी सांगाया नको? कॅपिटलला येगळं बटान असतंय." ते बटण शोधण्यात काही काळ गेला. चष्मेवाले आता माझ्या बाजूला आले होते. त्यांचं मत पडलं की 'गप्प' आणि 'बसा' यांच्यामध्ये जागा सोडली पाहिजे, व्याकरणाप्रमाणं ते दोन शब्द आहेत. एका मुलानं सांगितलं की पासवर्डमध्ये स्पेस चालत नाही. त्यावरून थोडा वाद झाला. नातवाला घेऊन आलेल्या एक आजी इतका वेळ कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "पर ही पोरगी गप्प बसा म्हनतीया कुनाला?"

"बापाला," दुकानदारांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मग बराबर हाय."

या निकालावर अपील नव्हतं. रांग हसली, मीही हसल्यासारखं केलं. अजून राग आहे. तो पासवर्डचा की आजींचा, ते ठरवलेलं नाही.

शेवटी पान उघडलं, आणि गृहस्थ आमच्या घरच्या माणसासारखे वाचू लागले. मुलीचं नाव, माझं नाव, जन्मतारीख. "दोन हजार आठची व्हय? आमचा धाकला पन आठचाच." मग, "ओबीसी! नॉन क्रिमीलेअर काढलंय का? एक एप्रिलनंतरचं लागतंय बरं का, मागल्या सालचं चालत न्हाई." सल्ला चोख होता, फुकट होता. फक्त तो चौकात दिला गेला होता.

इथपर्यंत मला हसू येत होतं. माझ्यानंतरच्या मुलाच्या वेळी गेलं. एकटाच आला होता, पायांत निळी स्लीपर. त्याचं पान उघडलं, गृहस्थांनी त्याच सुरात प्रवर्ग वाचला आणि म्हणाले, "मग तुला काय टेन्शन हाय?" वाईट हेतू नव्हता, आवाजात मायाच होती. रांगेतले दोघंतिघं मात्र एकमेकांकडं बघून हसले, आणि त्या हसण्यात माया नव्हती. पोरगं खाली स्लीपरकडं बघत राहिलं. तासाभरानं त्याला एकशे ऐंशी मिनिटांत एकशे ऐंशी प्रश्न सोडवायचे होते. मघाशी व्याकरणाबद्दल एवढे जागरूक असलेले चष्मेवाले तेव्हा मोबाईल बघत होते. मीही काही बोललो नाही. पासवर्डचा सल्ला मी त्या दिवशी फारच मनावर घेतला होता.

माझी प्रिंट निघाली ती दुसऱ्याच मुलीची. कुणा अनोळखी पोरीचा फोटो, सही, जन्मतारीख, रोल नंबर, सगळं माझ्या हातात. मी ती परत केली, त्यांनी ती चुरगाळून टोपलीत टाकली. टोपलीत तशा बऱ्याच होत्या. डेस्कटॉपवर तर पाय ठेवायला जागा नव्हती, सकाळपासून आलेल्या प्रत्येक पोराची फाईल तिथं नांदत होती. मी म्हटलं, "भाऊ, आमची डिलीट करता का?"

"डिलीट केलं आन् पुन्हा प्रिंट लागली, तर परत पासवर्ड सांगाया लागंल तुमाला." त्यांनी रांगेकडं पाहिलं. "सांगताय?"

मी पैसे देऊन निघालो.

आता गेटवरचा कडेकोट बंदोबस्त बघा. हाफ बाह्या हव्यात, बूट नकोत, घड्याळ नको, दागिना नको. पाण्याची बाटली आरपार दिसणारी हवी. मेटल डिटेक्टर लेकीच्या डोक्याजवळ किंचाळला तेव्हा केसांतला चाप निघाला. नाकातली चमकी आदल्या दिवशी सोनाराकडं जाऊन साबणाच्या पाण्यानं काढून आणली होती, तरी तपासणाऱ्या बाईंनी रिकाम्या भोकाकडं संशयानं पाहिलं. मनगटातला जेजुरीचा दोरा ओला होऊन घट्ट बसला होता, तो कापला. या जिनसा कठड्यावरून एकेक करून माझ्या हातात येत गेल्या. अर्ज भरतानाच आम्ही दोन्ही हातांच्या दहाही बोटांचे ठसे दिलेले, वर पोस्टकार्डाएवढा फोटो, वर डाव्या अंगठ्याचा वेगळा ठसा. माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा सासरच्यांनी माझ्याबद्दल एवढी माहिती काढली नव्हती.

या कडकपणाला कारण आहे, नाही असं नाही. २०१५ साली, परीक्षेचं नाव एआयपीएमटी होतं तेव्हा, पोरांनी बनियनमध्ये सिमकार्डवाली यंत्रं शिवून घेतली आणि बाहेरून उत्तरं मागवली. सर्वोच्च न्यायालयानं ती अख्खी परीक्षा रद्द केली आणि जुलैत पुन्हा झालेल्या परीक्षेपासून बाह्या, बटणं आणि बुटांवर सरकारची वक्रदृष्टी पडली. उद्या कुणी चष्म्याच्या दांडीतून कॉपी केली तर चष्मेही बाहेर काढून ठेवावे लागतील, आणि प्रश्नपत्रिका जरा मोठ्या टायपात छापली जाईल असं वाटत असेल तर ते विसरा.

पण २०२४ ला जे फुटलं ते कुठून फुटलं? सीबीआयच्या म्हणण्याप्रमाणं हजारीबागच्या केंद्रावर, पेपर ज्या पेटीत सीलबंद आले होते ती पेटीच हत्यारं लावून उघडली गेली. चौकशीचे धागे आपल्या लातूरपर्यंत आले. पंधराशे त्रेसष्ट पोरांचे वाढीव गुण आधी दिले आणि मग काढून घेतले, ती आणखी वेगळी कथा. चापातून काही गेलं नव्हतं. चमकीतून तर नाहीच नाही. तरी पेटीपेक्षा पोरीची झडती सोपी, कारण पेटीला घाबरवता येत नाही. जुलै २०२२ मध्ये केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या एका केंद्रावर, मेटल डिटेक्टर वाजला म्हणून मुलींना अंतर्वस्त्रं काढून ठेवायला लावली होती. गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या, मुलींना पुन्हा परीक्षा द्यायची मुभा मिळाली. त्या पोरींनी पहिला पेपर कसा लिहिला असेल, हा प्रश्न कुठल्या गुणपत्रिकेत बसत नाही. माझी लेक पडद्याआड गेली तेव्हा मला तेच आठवत होतं, आणि हातातला चाप मी इतका दाबून धरला होता की तो मोडला.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमतानं सांगून ठेवलंय. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि बहुतेक नियम प्रत्यक्ष लागू व्हायला आणखी दीड वर्षाची सवलत. या कायद्यानं अठरा वर्षांखालचं प्रत्येक पोर बालक आहे. त्याची माहिती हाताळायची तर आईबापाची पडताळून घेतलेली संमती लागते, आणि माहिती सांभाळली नाही तर दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. नीटला बसणारी किती पोरं सतरा वर्षांची असतात! मला सारखे ते जिन्याखालचे गृहस्थ आठवतात. अडीचशे कोटी म्हणजे पन्नास रुपयांप्रमाणं किती मोबाईल ठेवावे लागतील त्यांना?

पण त्यांच्यावर तरी किती रागवायचं? ते बिचारे सगळं उघड्यावर करत होते. खरा धंदा बंद दाराआड चालतो. पाच वाजता पेपर सुटला, लेक घामाघूम होऊन बाहेर आली, "फिजिक्सबद्दल विचारू नका" म्हणाली. मी विचारलं नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"सर, अभिनंदन! आपल्या कन्येनं आजच नीट दिली ना? जॉर्जियामध्ये एमबीबीएस, हॉस्टेल आणि इंडियन मेससकट."

पोरगी अजून चप्पल झटकत होती. केसही बांधले नव्हते. मोडका चाप माझ्या हातात होता.

मी विचारलं, "माझा नंबर कुठून मिळाला?"

"सर, आमचा डेटाबेस असतो."

हेही नवीन नाही. २०१८ च्या नीटला बसलेल्या दोन लाखांवर मुलांचे फोन नंबर, ईमेल, पत्ते एका वेबसाईटवर पैसे मोजून मिळतात, अशी बातमी तेव्हा आली होती. लोकांनी दोन दिवस हळहळ व्यक्त केली आणि तिसऱ्या दिवशी आपापल्या मुलांचे अर्ज भरले. न भरून सांगतात कुणाला! दुसरं दार आहे कुठं?

तेव्हापासून फोन थांबलेला नाही. माझा झाला की बायकोचा वाजतो, कारण अर्जात दुसरा नंबर तिचा दिला होता. बायकोनं ते सगळे नंबर शिस्तीत सेव्ह केलेत : जॉर्जिया वन, जॉर्जिया टू, किरगिझस्तान, पुणे मॅनेजमेंट कोटा, पुणे मॅनेजमेंट कोटा गोड आवाज. लेक म्हणते ब्लॉक करा. एक ब्लॉक केला की त्याचा भाऊ दुसऱ्या नंबरवरून येतो.

आज सकाळचा तर कमालच होता. त्यानं लेकीचं पूर्ण नाव घेतलं, जन्मतारीख सांगितली आणि म्हणाला, "सर, ओबीसी ना? मग प्रोसेसिंग फीमध्ये सवलत आहे."

माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "हे तुला कुणी सांगितलं? नाव सांग त्याचं. आत्ताच्या आत्ता."

"सॉरी सर," तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "आम्ही कुणाची वैयक्तिक माहिती अशी फोनवर देत नाही."

मी फोन आपटला. मग तो फुटला नाही ना ते उलटसुलट करून बघितलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, सवलत वगळून फी किती म्हणाला?"