आणि बाकीचे लोक कुठे गेले?

रविवारी रात्री भाच्याबरोबर स्नोपिअर्सर बघितला, बाँग जून-होचा, 2013 चा. शेवट सांगणार आहे, बघायचा असेल तर पुढे वाचू नका. पिक्चर संपल्यावर भाचा म्हणाला, मामा कसला भारी एंड! बाबा मागे खुर्चीत बसून अर्धवट बघत होते, त्यांनी एवढंच विचारलं, ‘आणि बाकीचे लोक कुठे गेले?’ दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

तापमानवाढ थांबवायला आकाशात रसायन फवारतात, त्याने अख्खी पृथ्वी गोठते आणि उरलीसुरली माणसं एका ट्रेनमध्ये, ती 17 वर्षं फिरतेच आहे. पुढे श्रीमंत, मागे कोंबलेले गरीब, त्यांना खायला झुरळांच्या वड्या. मागचे उठाव करतात, त्यांचा म्होरक्या कर्टिस इंजिनपर्यंत पोचतो आणि तिथे फरशीखाली एक लहान पोर बसलेलं असतं, मशीनचा झिजलेला पार्ट आता मिळत नाही म्हणून त्याच्या जागी. मालक शांतपणे समजावतो की इंजिन थांबलं तर सगळे मरतील.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे, खाणपट्ट्यातले. विहिरी आटल्या, शेतात खनिजाचा गाळ आला, कपडे वाळत घातले की संध्याकाळी तांबडे, पण कोणी तोंड उघडलं की उत्तर ठरलेलं, खाण बंद पडली तर खाणार काय? म्हणून तो सीन बघताना माझं रक्त उसळलं. कर्टिस स्वतःचा हात यंत्रात घालतो आणि पोराला बाहेर काढतो, भुकेच्या दिवसांत दुसऱ्यांना खायला म्हणून जो हात त्याला कापून देता आला नव्हता तो आता देतो. एवढ्यासाठी तरी पिक्चर बघाच.

पण पुढे काय? डब्यांची दारं उघडून देणारा मिन्सू खिडकीतून वर्षानुवर्षं बघतोय की पडलेलं विमान बर्फातून दरवर्षी जरा जास्त दिसतं, म्हणजे बर्फ वितळतंय. एवढी मोठी गोष्ट, पण मागच्या डब्यांत जाऊन कोणाला सांगितली? नाही. दार उडवतात, हिमकडा कोसळतो, ट्रेन रुळावरून जाते, दोन मुलं बाहेर येतात, पांढरं अस्वल दिसतं आणि आपण म्हणायचं आशा आहे. ज्यांच्यासाठी दोन तास लढाई दाखवली ते सगळे गेले आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळत पण नाही.

आमच्या गोव्यात 2018 ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीजांची नूतनीकरणं रद्द केली, खाणी थांबल्या. निकाल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, नदी आणि विहिरी मला पण हव्यात. पण बाबांचा खनिज वाहणारा ट्रक फणसाखाली उभा राहिला, हप्ता चालूच, आणि बॅटरी मरू नये म्हणून बाबा दर रविवारी सकाळी दहा मिनिटं तो स्टार्ट करून ठेवायचे आणि परत बंद करायचे. टायर मातीत रुतत गेले. खाण चालवणारे कधी आमच्या सोप्यावर येऊन बसले नाहीत, आणि बंद व्हायलाच हवी म्हणणारे पण नाही.

आणि एक गोष्ट तर मला फार टोचली. पिक्चर आधी सांगतो उठा, लढा, मग सांगतो की उठाव मालकाने आणि मागच्या डब्यातल्या म्हाताऱ्या पुढाऱ्यानेच ठरवलेला होता, गर्दी कमी करायला. म्हणजे सगळं सेटिंग! आमच्याकडे कुठलाही मोर्चा निघाला की नाक्यावर पहिली कॉमेंट हीच असते, आणि जो प्रामाणिकपणे काम सोडून उन्हात गेलेला असतो तो पुढच्या वेळी घरीच बसतो. बाबा असे गेलेले आहेत, त्यांना कोणी पाठवलं नव्हतं.

कुऱ्हाडींची मारामारी इतकी देखणी दाखवलीय की आपण सरसावून बसतो आणि नंतर कर्टिस रडतो तेव्हा आपल्यालाच कसंतरी होतं, तेवढं मला चाललं.

भाचा अजून म्हणतोय की अशी गाडी उडवायलाच हवी. मी म्हणतो उडवायची तर आधी मागच्या डब्यांत जाऊन विमानाचं सांगायचं होतं, त्यांनाच ठरवू द्यायचं होतं. बाबांचा ट्रक गेल्या पावसाआधी भंगारात गेला, फणसाखाली चार टायरांचे खड्डे अजून आहेत.