गुण्यात न बसणारे मोठेपण

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातले कपाट बसवायला आलेल्या सुतारकाकांनी कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे अवजार, लावला, पाते आणि भिंत यांच्यामधल्या फटीवरून बोट फिरवले आणि "भिंत गुण्यात नाही, ताई" असे म्हणून पेन्सिल कानामागे खोचली. मी तेव्हा टेबलावर एका इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर तपासत होते आणि नेमकी 'एनॉर्मस' (खूप मोठे) या शब्दाशी अडले होते. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुतार-गवंड्यांचा गुण्याच; त्यावरून नियम आणि प्रमाण हे अर्थ आले, आणि त्याच्या बाहेर गेलेले ते 'एनॉर्मस'. या शब्दात मुळात आकार नाहीच, प्रमाण सुटल्याची तक्रार आहे. म्हणूनच 'एनॉर्मिटी' या शब्दाला घोर दुष्कृत्य हा अर्थ आहे, आणि 'गुन्ह्याची विशालता' असे भाषांतर वाचले की गुन्हेगाराचा सत्कार चालला असल्याचा भास होतो.

मोठेपणाचे इंग्रजी शब्द एकमेकांना पर्याय म्हणून घडलेले नाहीत, आणि भाषांतरात त्या सर्वांना 'प्रचंड' या एकाच घाण्याला जुंपणे हा निव्वळ आळस आहे, असे माझे मत आहे. 'वास्ट' घ्या. लॅटिन 'वास्टस' म्हणजे रिकामे, ओसाड. 'डिव्हास्टेट' म्हणजे उद्ध्वस्त करणे, हा शब्दही त्याच घरातला. तेव्हा 'वास्ट' वाळवंटाला 'प्रचंड' म्हटले की त्यातली सारी ओसाडी निघून जाते. 'अफाट' किंवा 'विस्तीर्ण' लिहिले तर निदान नजर दूरवर जाते.

'इमेन्स' तर आपल्या घरचाच म्हणावा इतका जवळचा आहे. त्यात नकाराचा उपसर्ग आणि मोजण्याचा धातू आहे, आणि संस्कृत 'अमित' शब्दातले 'अ' आणि 'मा' हे त्यांचेच सख्खे भाऊबंद आहेत. 'अमाप' हा तयार शब्द हाताशी असताना तो का टाळला जातो, हे मला उमगत नाही.

'ट्रेमेंडस' म्हणजे मुळात थरकाप उडवणारे, आणि 'प्रचंड' शब्दातला 'चंड' म्हणजे उग्र. ही जोडी खरी शोभणारी. आता दोन्हींतली भीती विरून गेली आहे, इतकी की आपल्याला भरीत प्रचंड आवडते. शब्द असे सरकतातच, हे मलाही मान्य आहे. संस्कृतात 'अजस्र' म्हणजे अखंड, न थांबणारे. आपण मात्र अजस्र यंत्र म्हणतो आणि कोणाचे काही बिघडत नाही. तरीही मूळ अर्थ ठाऊक असून तो सोडणे वेगळे आणि ठाऊकच नसणे वेगळे.

काही शब्दांना मात्र हात लावू नये. जंबो हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला आफ्रिकी हत्ती. १८८२ मध्ये बार्नम या अमेरिकी सर्कसवाल्याने तो विकत घेतला आणि १८८५ मध्ये कॅनडात रेल्वे इंजिनाच्या धडकेने तो मेला. त्याचे नाव पुढे विमानाला लागले, आणि मराठी वर्तमानपत्रांत मंत्रिमंडळालाही. 'जंबो मंत्रिमंडळ' यातला खट्याळपणा 'विशाल मंत्रिमंडळ' म्हटल्याने साधणार नाही.

राहता राहिला 'ह्यूज'. त्याचा माग जुन्या फ्रेंचपर्यंत लागतो आणि तिथेच हरवतो. पोटात गुण्या नाही, ओसाड माळ नाही की हत्तीही नाही. त्याला आपला साधा 'भलामोठा' पुरे.