टीमची विकी नीट कशी लावावी, म्हणजे कोणालाच काही सापडणार नाही

विकीवरची, म्हणजे टीममधल्या कोणीही लिहावी-बदलावी अशा साइटवरची, पेजेस विषयवार लावायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय ना, अभिनंदन. सगळ्यात आधी एकही पेज उघडून वाचू नका. वाचलं की आत काय आहे ते कळतं आणि मग कॅटेगऱ्या ठरवताना उगाच मोकळेपणा राहत नाही. त्यापेक्षा सरळ मीटिंग लावा.

कॅटेगऱ्यांना नावं डिपार्टमेंटची द्या. आता, शोधणाऱ्याला 'बॅकअप परत कसा आणायचा' एवढंच हवं असतं आणि ते पेज कुठल्या डिपार्टमेंटने लिहिलंय हे त्या बिचाऱ्याला माहीत नसतं, पण तो त्याचा प्रॉब्लेम. शिवाय डिपार्टमेंटची नावं बदलत राहतात, म्हणजे सगळी मांडणी पुन्हा पहिल्यापासून करायला मिळते, काम केल्यासारखं दिसतं.

स्पेलिंगच्या बाबतीत मन मोठं ठेवा. मीडियाविकीत (विकी चालवायचं सॉफ्टवेअर) कॅटेगरीच्या नावाचं पहिलं अक्षर सोडलं तर पुढे कॅपिटल-स्मॉल वेगळं धरतात, त्यामुळे 'मीटिंग नोट्स'मधला एन एकाने मोठा आणि दुसऱ्याने छोटा टाकला की झाल्या दोन कॅटेगऱ्या, कोणी एकवचनात लिहिलं की तिसरी, आणि एखाद्याचं मराठीप्रेम उफाळून 'बैठका' आलं की चौथी. आणि गंमत म्हणजे कॅटेगरीचं पान कोणी बनवलेलं नसलं तरी पेज त्यात जाऊन बसतंच, फक्त लिंक लाल दिसते. दिसू दे, तेवढाच रंग.

पातळ्या भरपूर करा. प्रोजेक्टच्या आत प्रोसेस, प्रोसेसच्या आत परत प्रोजेक्ट, अशी गोल फिरणारी रचना केली तरी मीडियाविकी अडवत नाही (खरंच, करून बघा). माणूस क्लिक करत करत निघाला त्याच जागी येतो, व्यायाम होतो.

एका पेजला एकच कॅटेगरी, हा नियम मात्र कडक. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकं लावायची पद्धत आणली आणि एकाच पुस्तकाची विषय, स्थळ, काळ अशा वेगवेगळ्या अंगांनी नोंद करायची सोय केली, पण आपल्याला कुठे लायब्ररी चालवायचीय. विकीवर तर एकच पेज चार कॅटेगऱ्यांत फुकटात दिसू शकतं, कपाटासारखी जागेची अडचण नाही, तरीही नको. सवय लागते.

'इतर' नावाची कॅटेगरी तर हवीच. कोणी नाक मुरडलं तर अमेरिकन ग्रंथपाल ड्यूईचं नाव घ्या, 1876 च्या त्याच्या दशांश वर्गीकरणात दहा मोठे वर्ग होते आणि आजही 000 म्हणजे सामान्य ग्रंथ, पुढे कॉम्प्युटर आले ते पण तिथेच जाऊन बसले. त्याचं एक दशांश, तुमचं अर्धं, एवढाच फरक.

विकी स्वतःच पोरकी (कुठूनही लिंक नसलेली) पानं आणि कॅटेगरी नसलेली पानं यांची यादी काढून देते, रोज थोडी थोडी बघितली तर महिनाभरात सगळं लागून जाईल, म्हणून ती लिंक कोणाला सांगू नका.

एवढं केलंत की लोक सर्च करणंच सोडतात आणि चॅटवर तुम्हाला विचारतात, 'अरे, ते सेटअपचं पेज कुठेय?' तुमच्या बुकमार्कमध्ये असतंच. लगेच पाठवा, सोबत एक स्मायली टाका, पण त्या पेजला कॅटेगरी लावायला जाऊ नका, नाहीतर उद्या विचारणार कोण तुम्हाला.