कावळ्याची नोंद कचऱ्यात जात नाही

नागपुरातल्या सोसायट्यांच्या, पालकांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. "पक्षी, झाडं, फुलपाखरं यांच्या नोंदी मागणारी अ‍ॅप्स ताबडतोब काढून टाका," अशी त्याची सुरुवात. पुढे पाच कारणं. खाली कुणाचं नाव नाही की तारीख नाही. माझ्या भाचीच्या आबाजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि आठवीतल्या त्या पोरीने त्याच संध्याकाळी ईबर्ड, म्हणजे पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या नोंदवायचं अ‍ॅप, काढून टाकलं. शाळेच्या ऑटोची वाट पाहत फाटकाशी उभी राहून ती रोज दिसतील ते पक्षी लिहायची. "मावशी, मंग माझे कावळे कोणी पाहतच नाही का?" असं तिने विचारलं. आबाजींवर माझा राग नाही, त्यांना नातीची काळजी आहे. राग आहे तो मेसेज लिहिणाऱ्यावर.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. "सामान्य लोकांच्या कावळे-चिमण्यांच्या नोंदी शास्त्रज्ञ बघतही नाहीत, त्या कचऱ्यात जातात. विज्ञान डिग्रीवाल्यांचं काम आहे."

साफ खोटं. २०२३ मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस), भारतीय वन्यजीव संस्था, भारतीय प्राणी सर्वेक्षण अशा १३ संस्थांनी मिळून तो केला. त्याचा पाया काय, तर ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर दिलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदी. त्यातले कितीतरी जण नोकरी, शाळा, संसार सांभाळून पक्षी पाहणारे. या नोंदींवरून ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला आणि त्यातल्या १७८ प्रजातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं, असं ठरलं. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतो तो नीलपंख, आपला नीलकंठ, त्याची संख्या ३० टक्क्यांहून जास्त घटल्याचं याच अहवालात आहे. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याचा दर्जा पुन्हा तपासावा, अशी शिफारसही आहे. तारेवर बसलेला नीलकंठ विदर्भात सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून तो कमी होतोय हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. लोकांनी लिहून ठेवलं म्हणून आलं.

आता कावळ्याचं. ईबर्डवर यादी पूर्ण करताना शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत का? "हो" म्हटलं की ती पूर्ण यादी. खरी किंमत तिला आहे. समजा नागपूरच्या अंबाझरी तलावावरून एका वर्षात १०० पूर्ण याद्या आल्या आणि त्यातल्या ४० मध्ये नीलपंख आहे. दहा वर्षांनी पुन्हा १०० याद्या आल्या आणि तो फक्त २० मध्ये आहे. पक्षी दिसण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, हे कळायला प्रत्येक नीलपंख मोजावा लागत नाही. पण त्यासाठी ज्या यादीत तो नाही ती यादीसुद्धा हातात हवी. "आज विशेष काही नाही, कावळे पाच, पारवे बारा, साळुंक्या चार" अशी शाळेच्या फाटकावरची यादी म्हणूनच लागते. किती वेळ उभे होता, किती चाललात, किती जण होता हेही यादीत जातं, त्यामुळे दहा मिनिटांची यादी आणि दोन तासांची यादी एकाच मापाने मोजली जात नाही. दुर्मीळ पक्षी दिसला तेवढाच लिहायचा आणि कावळा सोडून द्यायचा, ही सवय असेल तर ती मात्र मोडायला हवी.

"लोक काहीही लिहितात, तपासतं कोण?" असंही त्याच तिसऱ्या मुद्द्यात विचारलंय. तपासतात. ज्या भागात, ज्या महिन्यात जो पक्षी किंवा जी संख्या अपेक्षित नाही, ती नोंद आपोआप बाजूला निघते. मग त्या भागाची माहिती असलेला परीक्षक, तोही स्वयंसेवकच, फोटो किंवा वर्णन मागतो. समाधान झालं नाही तर ती नोंद अभ्यासात धरली जात नाही. किडे, झाडं, कोळी यांच्या फोटोंसाठी आयनॅचरलिस्ट आहे, तिथे नाव सुचवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झाल्याशिवाय नोंद अभ्यासायोग्य ठरत नाही. नवखे चुकतात, हे मान्य. शहरांच्या आसपास नोंदी दाट आणि आडवळणाच्या गावांकडे विरळ, हेही खरं. त्यावर उपाय जास्त लोकांनी नोंदी देणं हा आहे. मेसेज नेमकं उलट सांगतो.

"नोंद टाकली की शिकारी पत्ता घेऊन पोहोचतो." इथे अर्धं सत्य आहे. दिवाळीच्या तोंडावर घुबडं पकडणारे आपल्याकडे आहेत आणि घरट्याचा पत्ता त्यांच्या हाती लागणं वाईटच. पण ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट या दोन्हींवर संवेदनशील ठरवलेल्या प्रजातींची नेमकी जागा लोकांना दिसत नाही, साधारण २० किलोमीटर बाजूचा चौकोन दिसतो. एवढ्या चौकोनात अख्खं नागपूर शहर जवळजवळ मावतं. धोका आहे तो फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर घुबडाच्या ढोलीचा फोटो टाकून खाली कोणत्या बागेतलं कोणतं झाड ते लिहिणाऱ्यांचा. मेसेज लिहिणाऱ्याला घुबडांची काळजी असती तर त्याने हे लिहिलं असतं.

"पक्ष्याचा फोटो काढला तर ७ वर्षांची कैद." वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि ७ वर्षांपर्यंतची शिक्षा त्यात आहे, पण ती पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्यांच्या शिकारीसारख्या गुन्ह्यांना. अंडी काढणं, घरटं मोडणं हेही कायद्याने शिकारीतच धरलंय. पेंचसारख्या राखीव क्षेत्रात परवानगी लागते, ती घ्यावी. फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून वंचक बगळे मोजायला परवानगी लागत नाही.

"माहिती अमेरिकेला जाते, तिथून बँक खातं रिकामं होतं." ईबर्ड अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं आहे, हे खरं. २००२ पासून चालू आहे. तिथल्या नोंदी अभ्यासाला कुणालाही विनामूल्य मागता येतात आणि वर सांगितलेला भारताचा अहवाल त्याच नोंदींतून झाला. नोंदणीला नाव, ईमेल आणि पासवर्ड लागतो. खातं नंबर, ओटीपी, आधार काही लागत नाही. कुणी ते मागितलं तर ते अ‍ॅप नकली, म्हणून मेसेजमधल्या लिंकवरून काही उतरवू नका, प्ले स्टोअरवरूनच घ्या. पालकांनी एका गोष्टीकडे मात्र खरंच लक्ष द्यावं. मूल घरातून रोज यादी देत असेल तर जागेला "आमचं घर" असं नाव आणि अचूक खूण देऊ नये. जवळची बाग किंवा तलाव निवडावा. पोराचं खातं आईवडिलांच्या ईमेलवर उघडावं.

"अभ्यास बुडतो, दुर्बीण घ्यावी लागते, खर्च आहे." ईबर्डला, आयनॅचरलिस्टला फी नाही आणि कावळा, साळुंकी, बुलबुल, कोतवाल ओळखायला दुर्बीण लागत नाही. बाहेर पडणं जमत नसेल तर सीझनवॉच आहे. अंगणातलं किंवा गल्लीतलं एक झाड निवडायचं, कडुनिंब, आंबा, चिंच, आणि दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं किती ते लिहायचं. आबाजींना हे काम सहज जमेल, कडुनिंब त्यांच्या खिडकीसमोरच आहे. पक्ष्यांसाठी दर फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते. त्यात एका जागी किमान १५ मिनिटं उभं राहून दिसलेले सगळे पक्षी लिहायचे असतात, कावळ्यासकट.